मागल्या पानावरून

कंट्रोलचं बटण दाबून धरायचं,
मंगळवारची बैठक माउसने उचलायची
आणि पुढच्या मंगळवारवर नेऊन ठेवायची.
उचलली असं वाटतं, पण मूळची जागची हलत नाही.
हे मला तूलाने शिकवलं, निवृत्तीच्या आदल्या दिवशी,
एका हातात अर्धा खाल्लेला दालचिनीचा पाव.
"आधी माउस सोडायचा, मग बोट.
उलट केलंस तर प्रत निघत नाही, बैठकच सरकते,
आणि मागचा आठवडा रिकामा दिसतो.
लेखापरीक्षक मग विचारतात, तेव्हा काय करत होतात?"

कुओपिओ नगरपालिका, पाणीपुरवठा, दुसरा मजला.
दर मंगळवारी पावणेनऊ. विषय: फुटलेल्या वाहिन्या.
सात माणसं, लांब बाकं,
खिडकीत तळं.
मी जूनमध्ये रुजू झाले
आणि एका दुपारी डिसेंबरपर्यंतच्या सत्तावीस प्रती काढल्या.
येरे माझ्या मागल्या,
येरे माझ्या मागल्या,
बोट दुखेपर्यंत.

प्रतीबरोबर सगळं येतं.
खोलीचा क्रमांक, सातही नावं,
पंधरा मिनिटं आधी वाजणारी घंटा,
आणि खाली टिपणाच्या चौकटीत,
जिथं कुणी वाचायला जात नाही, एक ओळ:
हीटर बंद आहे, कोट घालून या.
वेइक्कोसाठी पाठ असलेली खुर्ची.

हीटर ठणठणीत होता.
सातांत वेइक्को नव्हता.

मी मागे मागे गेले.
प्रतीची प्रत, तिच्या आधीची,
तिची आई, आजी, पणजी.
रात्री अकरालाही ऊन असतं त्या जुलैत
कोट घालून या.
भर सुट्टीत, ऑफिसला कुलूप असताना, कोट घालून या.
एका ऑक्टोबरपाशी पट्ट्या संपल्या.
"त्यापलीकडचं जुन्या सर्व्हरवर होतं," संगणकवाला मुलगा म्हणाला
आणि होतं हा शब्द त्याने असा उच्चारला
की मी पुढे विचारलं नाही.
मूळ बैठक कुणी, कोणत्या थंडीत लिहिली,
याचा उतारा कुठेच मिळाला नाही.

राइमोला विचारलं. त्याचे बूट नेहमी ओले.
"वेइक्को? पंपहाउसचा. खड्ड्यांत वाकून वाकून कंबर गेली.
आता सावोनलिन्नाला असतो, मुलीकडे.
मासे धरतो म्हणे." आणि थोड्या वेळाने,
"मिळत काही नाहीत."

मग मला खुर्ची दिसली.
म्हणजे दिसत होतीच, दर मंगळवारी,
दाराजवळ, रिकामी, पाठ असलेली.
ओर्वोक्की शेजारच्या खोलीतून ती उचलून आणायची
आणि बैठक संपली की परत नेऊन ठेवायची.
"कुणासाठी?"
तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला कामाला लावलंय.
"टिपणात आहे ना."

त्या दिवशी हीटरची ओळ पुसली.
यंत्राने विचारलं, बदल सगळ्यांना कळवायचा?
नको.
खुर्चीच्या ओळीवर कर्सर बराच वेळ लुकलुकला,
मग फोन वाजला, मग ते राहून गेलं.

डिसेंबरात, दुसऱ्या मंगळवारी,
राइमो आला, बाकाकडे निघाला, थांबला,
आणि दाराजवळच्या खुर्चीत बसला.
हळू. एक हात मांडीवर टेकवून.
कुणी काही बोललं नाही.
मी इतिवृत्तात उणे एकोणीस आणि तीन गळत्या लिहिल्या.
ओर्वोक्कीने कॉफी ओतली, त्याची आधी.

आज पुढच्या वर्षाच्या बावन्न काढायच्यात.
टिपण उघडलं. वेइक्को हे नाव निवडलं,
ते निळं झालं.
त्या जागी खरं नाव लिहायला पाच सेकंद लागतील.
मग ते सात जणांच्या फोनवर
दर मंगळवारी साडेआठला वाजेल,
आणि राइमो पुढच्याच आठवड्यात
बाकावर जाऊन बसेल, ताठ.

जुनं नाव तसंच ठेवलं.
बोट कंट्रोलवर. उचल, ने, ठेव.
आधी माउस.
मग बोट.