सात बटणं

किलाग्वाच्या अलीकडे, जिथे वाळवंट इतकं सरळ होतं
की स्टिअरिंगवरचा हात स्वतःलाच विसरतो,
तिथे डोन्या एर्मेलिंदाची खानावळ.
तीन टेबलं, एक लंगडा कुत्रा,
घेवड्याचं नि भोपळ्याचं दाट कालवण.
पाव मिळत नाही. मागायचाही नाही,
नवख्याला शेजारचा ड्रायव्हर टेबलाखालून पाय मारतो.

पैसे दिले की ती एक कापडी पिशवी पुढे सरकवते,
तळहाताएवढी, सात बटणांची.
"फोन आत,"
जसं एखादी म्हणते, पाय पुसून ये.

पहिल्यांदा मी हसलो होतो.
वीस वर्षं तांब्याच्या लाद्या बंदरावर नेतोय,
माझा डोळा लागला तरी ट्रक कुठे लागत नाही,
असं म्हणालो देखील.
ती सुई ओवत राहिली.

बटणं एकासारखं एक नाही.
एक शिंपल्याचं, एक कोटाचं थोराड,
एक खाणीच्या गणवेशाचं, पितळी.
काजं मुद्दाम लहान ठेवलेली.
एका हाताने उघडायला जाल तर नख मोडेल,
दोन्ही हात लागतात,
म्हणजे गाडी थांबवावी लागते.
याहून जास्त तिने कधी समजावलं नाही.

ते ओसियेलने सांगितलं, टायरची हवा बघता बघता.
वळणापुढे निळी आनिमिता आहे ना,
रस्त्यावर गेलेल्या जिवासाठी बांधतात तसलं
खेळण्याएवढं घर,
ते तिच्या आबेलार्दोचं.
फोन सापडला तेव्हा उजेड होता त्यात अजून.
वर एकच ओळ: येताना पाव आण.

तीन शब्द. तीन सेकंद धरा.
नव्वदच्या वेगात पाऊणशे मीटर.
ती ते चालून आली होती, डोळे मिटून,
एकशे अकरा पावलं.
भोंगे वाजले, कोणी ओरडलं, बाई, मरायचंय का?
म्हणाली, गप्प बसा, मोजतेय,
पुन्हा चुकेल.

आम्ही निघालो की ती भिंतीवरचा जुना फोन उचलते.
वहीत सगळ्यांच्या घरचे नंबर.
"यास्ना, तुझा नवरा निघाला.
नऊपर्यंत त्याला हाक मारू नकोस.
गॅस संपला, पोरगं पडलं, काही झालं तरी
मला सांग."
माझी बायको कुणाचं ऐकून घेणारी नाही.
म्हणाली, तुम्ही कोण मला सांगणाऱ्या?
पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.
मग:
"पाव मी मागितला होता."

त्या रात्री यास्नाने मला जेवायला वाढलं
आणि समोर बसून राहिली.
काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, जेव.

आता माझं.
जुलैतली रात्र, समुद्रावरून कमांचाका चढून आलेलं,
धुकं असं की बॉनेटही परक्याचं वाटावं.
बाजूच्या सीटवर पिशवी थरथरली.
एकदा. पुन्हा.
थांबलो नाही.
पिशवी तोंडाशी नेली आणि दातांनी
पहिलं बटण, दुसरं,
तिसऱ्याशी दात अडला, म्हणून मान वर झाली,
आणि पुढ्यात टॉर्च.
कोणीतरी उकिडवं बसून चाक बदलत होतं.
त्याच्या पाठीवरचा चौकड्यांचा स्वेटर
मला आजही विणून दाखवता येईल.

कसा वळवला ते माहीत नाही.
दोन किलोमीटरवर थांबलो,
दोन्ही हातांनी उरलेली पाच बटणं काढली.
बुटांवर सवलत होती. रविवारपर्यंत.

पुढच्या खेपेला पिशवी दुरुस्तीला दिली.
तिने दिव्याखाली धरून दोऱ्यावरचे दात पाहिले,
मग माझ्याकडे पाहिलं,
मग डबा उघडून बटण शोधायला लागली.

आता माझ्या पिशवीला आठ आहेत.
आठव्याचे पैसे तिने कालवणाच्या बिलात धरले.