न गळणारा

कुंदाची अट एकच:
आणायचा तर आण, पण केस गळणारा नको.
बारा वर्षं हाताला चिकटपट्टी गुंडाळून
तुझ्या गिऱ्हाइकांच्या पाठी पुसल्यात मी.

खरं आहे तिचं.
म्हापशात, बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान
आणि धंदा काळ्या कापडाचा.
लग्नाचे सूट, मरणाचे सूट,
कधी तोच सूट दोन्हीला, कंबरेत जरा सैल करून.
काळ्या कोटावर एक तांबूस केस
फिर्याद घेऊन उभा असल्यासारखा दिसतो.

उंडो गेला त्याला दोन वर्षं झाली.
पोदेराच्या भट्टीतून आत्ताच निघाल्यासारखा रंग, म्हणून उंडो.
कुणी जात विचारली तर सांगायचो, बार्देसची.
कुत्रे वर्षातून दोनदा केस गाळतात म्हणे,
हा एकदाच गाळायचा,
जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत.
कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात निजायचा,
उठला की अस्तराचा एखादा तुकडा शेपटीला लागलेला.

डॉक्टर ब्रागांझाबाईंनी फोटो काढून पुढ्यात मांडले.
मी एकेक नमुन्याच्या कापडासारखा उजेडात धरून पाहिला.
हा माल्टीज. सॅटिन. सॅटिन माझ्या हातात घसरतं.
हा बिशॉन, पावडरच्या डब्यातला पफ.
हा शिह त्झू. नाव दोनदा विचारलं,
तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली.
आणि हा पूडल, घट्ट कुरळा,
उसवायला घेतलं तर सुरुवात कुठून करायची कळणार नाही असा.

"अजिबात न गळणारा कुत्रा देवानं केलेलाच नाही," बाई म्हणाल्या.
"यांचा गळलेला केस जमिनीवर पडत नाही,
अंगातच अडकून राहतो.
रोज विंचरा. दीड महिन्याला कापा.
आपल्या हवेत कंटाळा केलात तर जटा होतील,
आत कातडी कुजेल."

कापायचंच ना, म्हटलं.
चाळीस वर्षं दुसरं काय केलं?
परतताना बसमध्ये मनातल्या मनात मापं घेतली:
पुढचे पाय बाहीसारखे, खाली निमुळते,
कानाला अर्धा इंच राखायचा,
पोटाखाली कात्री उलटी धरायची.

घरी आल्यावर सांगितलं, पूडल.
कुंदानं विचारलं, रंग?
काळा, म्हटलं.
ती बघत राहिली, मग एकदम हसली,
हसता हसता पदरावरून हात फिरवला
काहीतरी झटकावं तसा. पदरावर काही नव्हतं.

शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, हळदोण्याचा मिंगेल आला.
मुलाचं लग्न आहे, कोट पोटावर बसत नाही.
कोट माझाच, आठ वर्षांपूर्वीचा,
आतल्या खिशावर माझी पट्टी.
त्याला बाकावर बसवलं, पंखा त्याच्याकडे वळवला,
अस्तर उलटं केलं आणि ब्लेड घेतलं.

कॅनव्हास आणि कापड यांच्या मधे,
छातीच्या डाव्या बाजूला,
टाक्याखाली दाबलेला
एक केस.
तांबूस. टोकाला जरा पांढरट.

आठ वर्षं मिंगेल त्याला घेऊन हिंडतोय.
पुतणीच्या लग्नात नाचला,
नातीच्या बाप्तिस्म्याला सगळ्यात पुढे उभा राहिला,
आईची पेटी खांद्यावर घेतली तेव्हाही हाच कोट होता,
मला आठवतं, खांद्यावर मेण सांडलेलं,
मीच इस्त्रीनं काढून दिलं होतं.

"काय झालं?" मिंगेलनं विचारलं. "कापड विरलंय?"
"नाही रे. जागा आहे शिवणीत.
दीड इंच आरामात निघेल."

तो टाका सोडला.
बोटभर पुढून उसवायला घेतलं.

पूडलवाला पर्वरीचा आहे, आगाऊ पैसे मागतो,
पिल्लं तीनच उरलीत म्हणतो.
कुंदा आतून विचारते, केलास का फोन?
करतो, म्हणतो मी.
एवढी कड मारून होऊ दे.