शेरा

विजापूर रोडला एक बंगला आहे, 'कृतार्थ'.
त्याचं मीटर उलटंही फिरतं.
गच्चीवर बारा निळ्या काचा,
रविवारी माळी पाईपनं धुतो.
"आम्ही तर कंपनीलाच वीज विकतो,"
साहेब हसतात, मला माठातलं पाणी देतात.
वाईट माणूस नाही.
बिल एकशे चाळीस.

मग मी लूना वळवतो पूर्व भागाकडं.

तिथं रीडिंग कानानंही घेता येतं.
मागांचा खटखटाट एकदम बंद पडला
की अंबादास कोंडा पायरीवर येऊन बसतो.
टॉवेलच्या डझनावर मजुरी.
अंधारात डझन भरत नाही.

नरसव्वा गुंडेटीचं मीटर दाराच्या वर.
मी स्टुलावर, मोबाईलनं फोटो काढतोय,
खाली तिच्या मांडीवर सूप,
ओल्या फडक्यात पानं, कात्री चालूच.
एक पंखा, एक बल्ब, मुलीचा मोबाईल.
सातशे बारा.

"हे स्थिर आकार म्हणजे काय ओ?"
खांबांचं, तारांचं भाडं, मावशी.
"मग त्या बंगलेवाल्यांची वीज
कुठल्या खांबावरनं जाती?"
याच.
कात्री थांबली नाही.

सोलरवाली पोरं येऊन गेली मागल्या महिन्यात.
पत्र्यावर बोटानं टकटक केली:
स्लॅब पाहिजे. आणि घर कुणाच्या नावावर?
घर सासऱ्याच्या नावावर,
सासरा फोटोत.

"ऊन मात्र कागद विचारत नाही बघा.
सकाळी नऊला येतंय आत,
दिवे लागले तरी जात नाही.
पानं तासात वाळून कडक,
फडकं किती वेळा भिजवू?"
पत्रा वर तडतडला.
"ह्याचं मीटर नसतंय का तुमच्याकडं?
एवढं जमा झालंय, तीस वर्षांचं."

मला दोन महिने उरलेत.
नवं मीटर येतंय, आपलं आपण बोलणारं,
त्याला स्टूल लागणार नाही,
त्याला कुणी काही विचारणार नाही.

ॲपमध्ये शेऱ्याला चारच पर्याय:
घर बंद. मीटर नादुरुस्त.
वायर तुटलेली. काच धूसर.

काच लख्ख होती, नरसव्वा रोज पुसते.
मी 'काच धूसर' दाबलं
आणि स्टूल जागेवर ठेवलं.