साधारण

यादीत एकच ओळ होती:
हेल्गी वाइन्सार, हिऊमा बेट. समुद्राची पातळी.
एकेचाळीस वर्षं छापायला जागा नव्हती.

राजधानीला निघताना तिने मला खोपटाची किल्ली दिली,
बर्फ फोडायची पहार दिली, आणि बजावलं:
सकाळी आठ, संध्याकाळी आठ.
आठ म्हणजे आठ, आर्वेद.
डोळा पाण्याच्या रेषेत आण, वरून बघू नकोस.

सकाळी मी गुडघ्यांवर बसलो, डोळा रेषेत आणला.
संध्याकाळी मात्र टीव्ही लावला.
झुंबराखाली राष्ट्राध्यक्ष तिच्या उसन्या कोटाला
पदक टोचत होते
आणि ती बघत होती भलतीकडेच, वर, डावीकडे.
तिथे घड्याळ असणार.
मी पहार घेऊन धावलो.
वीस मिनिटं उशीर, कंदील विझलेला,
वारा असा की पापण्या चिकटाव्यात.

पहिल्या फेरीबोटीने ती परतली.
धक्क्यावर केक होता, शाळेतल्या पोरांचे झेंडे होते.
ती त्यांच्यामधून सरळ खोपटात शिरली.
वही उघडली. मुंगीएवढ्या आकड्यांखाली
माझं गलेलठ्ठ अक्षर: एकशे बारा, साधारण.

‘साधारण म्हणजे किती?’

मी बुटांवरचा बर्फ झटकत राहिलो.

तिने खोडलं नाही.
समासात लिहिलं: निरीक्षक गैरहजर. कारण
आणि पेन तसंच टेकवून उभी राहिली,
शाईचा ठिपका फुगत गेला.

कोट परत गेला, पदकासकट.
आठवड्याने मालकीण ते द्यायला आली
तेव्हा आठ वाजत होते.
हेल्गी घरी नव्हती.