चारशे दहा मीटर

नकाशा एका टेबलावर मावेना,
म्हणून दोन टेबलं जोडली,
आणि नेमकी त्यांच्या फटीतून
एम्शर नदी वाहू लागली.

अकरा गावांची माणसं जमलीत.
प्रत्येकाला एक हिरवी पेन्सिल दिली आहे
आणि जो तो मन लावून हिरवी करतोय
शेजाऱ्याची हद्द.
फ्राऊ ओल्डेनकोट म्हणतात, आमच्याकडे जागा कुठाय?
हेर टिगेस म्हणतात, आमची टेकडी घ्या,
खाणीतून उपसलेल्या दगडांची आहे, पण वरून सगळं दिसतं.
सगळं म्हणजे काय, ते कुणी विचारत नाही.

मी कोपऱ्यात, पट्टी घेऊन.
मोजणं माझ्याकडे.

टेकडीवर बर्च उगवलेत, कुणी न लावता.
तिथून मालगाडीचा जुना मार्ग, रूळ उचललेला.
मग कालव्याचा काठ. मग दफनभूमी,
तीही बागच धरा, असं कुणीतरी म्हणतं,
आणि कुणी हसत नाही.
साठ किलोमीटर हिरवं जुळत जातं,
फक्त सदतिसाव्या आणि अडतिसाव्या खुणेमध्ये
तुटतं.
चारशे दहा मीटर.
बंद पडलेल्या कोक-भट्टीचं आवार. तारेचं कुंपण.
मालक कोण, हे तीन कंपन्यांना विचारून झालं;
तिघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.

रविवारी मी तिथे गेले, मोजायला म्हणून.
कुंपणातून एक ढकलगाडी बाहेर आली,
गाडीत लीकच्या जुड्या,
मागून नेजमियेबाई, वाकून, डोक्यावरचा रुमाल सांभाळत.
भोक त्यांच्या नवऱ्याने पाडलेलं,
पकडीने, एकतीस वर्षांपूर्वी,
पाळीला उशीर झाला की पगार कापायचे म्हणून.
पाळी संपली. भट्टी संपली. नवराही.
भोकापलीकडे वाफे उरलेत,
आणि वाफ्यांपलीकडे लेकीचं घर.

"कंपनीचा माणूस दर वसंतात शिवून जातो," त्या म्हणाल्या,
"दर वसंतात कुणीतरी उसवतं.
मी नाही हं, माझ्या बोटांत आता जोर कुठला."
मग हसल्या.
"यंदा त्याने शिवलंच नाही.
उलट तारेच्या टोकांना रबरी नळी चढवून गेला,
कुणाचा कोट अडकू नये म्हणून."

मी नळी चाचपून पाहिली.
काळी, बागेत पाणी घालायची, उभी चिरून बसवलेली.
आमच्या नियमावलीत हिरव्या मार्गाची रुंदी
किमान अडीच मीटर.
भोक बासष्ट सेंटिमीटर.
मी दोनदा मोजलं.
किती लांब आहे हो पलीकडे, मी विचारलं,
माहीत असूनही.
"गुडघा बरा असेल तर सहाशे पावलं.
नसेल तर मध्ये एक बादली उलटी ठेवलीय, बसायला."

मंगळवारी पुन्हा ती दोन टेबलं.
सूचीत रंग दोनच: गडद म्हणजे आहे,
फिकट म्हणजे व्हावं.
मी सदतीस ते अडतीस शिसपेन्सिलीने ठिपके काढले
आणि मधोमध एक छोटा गोल.
हा गोल काय? फ्राऊ ओल्डेनकोट.
बसायची जागा, मी म्हटलं.
अस्तित्वात की प्रस्तावित?

मला उत्तर देता आलं नाही.
आहे म्हटलं तर तिघींपैकी एक कंपनी
उद्या जागी होऊन मालक निघेल.
व्हावी म्हटलं तर कुणीतरी निविदा काढेल,
बादली उचलून नेतील,
आणि ओतीव लोखंडाचं बाक येईपर्यंत
चार हिवाळे नेजमियेबाई उभ्या.

कॉफी आली. विषय पुढे सरकला, दफनभूमीच्या फाटकाकडे.
इतिवृत्तात लिहिलं गेलं: सदतीस–अडतीस, प्रलंबित.
म्हणजे घोंगडं भिजत.
मी तेवढ्यात ठिपके जरा पुसट केले,
गोल राहू दिला.

घरी जाताना दोन थांबे आधी उतरले.
अंधार पडत होता. भोक सापडायला वेळ लागला.
आडवी झाले, श्वास आत ओढला.
कोट अडकला नाही.