अडीच मिलिमीटर

तुर्भ्याच्या शौकत मुकादमनं
काट्यावर ओतायच्या आधी बरणी दाखवली.
"छपाई चुकलीय, बाई. अक्षरं इंग्रजी, शब्द लागत नाही."

केपी पाचशे ऐंशी बीएम,
मीही तसंच वाचलं,
रबाळ्यात सव्वीस वर्षं पाट्या झाळलेली मी.
मग उमगलं, पी नाहीच तो, र आहे.
आणि बी म्हणजे व.
क र पाचशे ऐंशी, व म ऐंशी अ.
आपल्या मुळाक्षरांत बसतंय की सरळ,
इंग्रजीच मध्ये आडवी आली होती.

वीस रुपयाला एक. सहा घेतल्या.

पोटावर ८९०६.
सहावा महिना की सहावा आठवडा,
यावर फिलोमिनाशी अर्धा तास वाद.
ती आमच्या लाइनची तपासनीस,
आता चरईत असते, भिंग अजून पर्समध्ये.

सॉकेटात पहिले पाच पाय लाडात गेले.
दहावा अडला.
विसावा तर भोकाच्या कडेवरच उभा,
चुकीच्या दारात आलेल्या पाहुण्यासारखा.

फिलोमिनानं व्हर्नियर लावला.
त्यांचं अंतर अडीच मिलिमीटर,
आपलं इंचाचा दहावा भाग, दोन पूर्णांक चोपन्न.
चार शतांश!
एका पायाला कोण विचारतो?
एकोणीस वेळा साठले की पाऊण मिलिमीटर.

"आत सगळं तेच आहे गं," ती म्हणाली,
"तेच हुकूम, तेच आकडे. पट्टी तेवढी दुसरी.
मधून बसवत टोकांकडे जा,
चूक दोन्हीकडे वाटली जाईल."

तिघींचे पाय मोडले.
चौथी बसली.

वीज देताना आधी उणे पाच,
मग अधिक पाच, मग बारा;
क्रम चुकला तर जळते.
हे मी विसरले होते. बोटं विसरली नव्हती.

कोपरखैरण्यात रात्री पावणेदोनला
आठ दिवे मोजू लागले,
दोनशे पंचावन्न, आणि परत शून्य.
खालचा वॉचमन वर बघत होता.
फिलोमिनानं मोडक्या पायांची एक
रुमालात गुंडाळून नेली, "तार जोडून बघते."

शनिवारी शौकतला सांगितलं,
छपाई बरोबर आहे रे, वाचायची पद्धत चुकत होती.
त्यानं बरणी जवळ ओढली.
"मग चाळीस."
दिले.