देशात तिसरा

मुहर्रकमध्ये, विमानतळाच्या कुंपणापासून दोन गल्ल्या अलीकडे,
मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे.
दर गुरुवारी रात्री नऊला
तिथे अख्खा देश जमतो.
म्हणजे अकरा जण.
रात्रपाळी, ताप, कोणाच्या चुलतभावाचं लग्न
वजा जाता सात.
सातांत एकाला बाय मिळतो,
तो खाली जाऊन सगळ्यांचा करक आणतो.

आम्हाला एकमेकांची आडनावं माहीत नाहीत.
हात पाठ आहेत.
दुऐज हरू लागला की डावा अंगठा पँटला पुसतो.
नौफल लाथ घालण्याआधी श्वास धरतो.
तो श्वास ऐकून मी मागे सरकायचो,
हे त्याला कळलं,
तेव्हापासून तो नुसताच श्वास धरतो.

मोठ्या देशांत म्हणे रोज नवा माणूस भेटतो हरवायला.
आम्ही तेच ते,
एकाच पिठाच्या पुन्हा पुन्हा लाटलेल्या पोळ्या.
ऑनलाइन खेळावं, तर आपला गुद्दा
समुद्राखालून तिकडे पोचेपर्यंत
इकडे आपण आडवे.

रोनेल दोन वर्षं पहिला होता.
कंपनीचं कंत्राट संपलं, पहाटे दोनचं विमान होतं.
कंट्रोलर त्याने गदीरला दिला,
एक बटण चिकटतं हे सांगून.
दोनला आम्ही खेळतच होतो.
काचा थरथरल्या, स्क्रीन जरा हलला.
कोणी पॉज दाबलं नाही.
मॅचमध्ये पॉज नाही, त्याचाच नियम.

तो गेला आणि फळ्यावर सगळे एकेक पायरी वर सरकले.
मी असा, एकही डाव न जिंकता,
तिसरा झालो.

आईला फोनवर सांगितलं.
"देशात तिसरा? मग पेपरात कसा नाही आला?"
म्हटलं, अगं, देश केवढासा.
"वासरांत लंगडी गाय," ती म्हणाली,
आणि संध्याकाळपर्यंत संगमेश्वरच्या बाजारात
सगळ्यांना सांगून आली.

मार्चमध्ये पत्र आलं. रियाधला स्पर्धा,
तिघांचा संघ, पासपोर्टची प्रत जोडावी.
दुऐजने ते दोनदा वाचलं
आणि माझ्याकडे न बघता घडी केली.
दुऐज, मरझूक आणि चौथी गदीर.
पंधरा वर्षांची. भाऊ खाली गाडीत एसी लावून बसतो,
साडेदहाला एकदा हॉर्न, अकराला दोनदा.

लहानपणी आमच्या गल्लीत
धाकट्यांना लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे.
पळायचं, ओरडायचं, घामाघूम व्हायचं.
बाद झालं तरी चालायचं.
फक्त त्यांच्यावर राज्य येत नसे.
अडतिसाव्या वर्षी
मला त्या शब्दातलं राज्य दिसलं.

रागावलो का? हो. दोन गुरुवार गेलो नाही.
तिसऱ्याला गदीरचा मेसेज: बटण चिकटतंय.
स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो.
मग महिनाभर तिच्याशी खेळलो,
कधी रियाधचा कोणी होऊन, कधी कुवेतचा,
कधीही न पाहिलेल्या माणसांच्या सवयी
मनाने रचून.
शेवटच्या रात्री तिने मला सलग पाच वेळा पाडलं.
"मुद्दाम हरलास?"
नाही म्हटलं. तिला पटलं नाही.
खरंच नाही.

तिची मॅच होती त्या दुपारी
मी जुफैरमध्ये, नवव्या आणि दहाव्या मजल्यांच्या मधे,
बंद लिफ्टच्या टपावर.
हेल्मेटचा दिवा, ग्रीसचे हात,
फोनला एकच काडी रेंज.
चित्र अडकत होतं, सुटत होतं.
शेवटचा राउंड. तिचे खांदे किंचित वर गेले,
श्वास धरला तिने, नौफलचा.

इतक्या लांबून, आवाज बंद असताना,
मी मागे सरकलो.
पाठ दोरखंडाला टेकली.
चित्र तिथेच अडकलं.